नक्कीकाकांचा लाल टाय

आमच्या ह्यांना चर्चमधली सगळी मंडळी नक्कीकाका म्हणते. तोंडावर म्हणते, आणि ह्यांना ते आवडतं. नाव पडलं ते असं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, नवीन आले होते तेव्हा त्यांनी उपदेशात सहज विचारलं, की आज देवाने बोलावणं धाडलं तर आपण स्वर्गात पोचू अशी कितीजणांना खात्री आहे? असल्या प्रश्नाला मान खाली घालून विचारात पडल्यासारखं करायचं असतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. हे पुढच्या बाकावरून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "नक्की." मागून कोणीतरी खुदकन हसलं. ती मीच होते.

खात्री कशाची, तर तरुणपणी एका मैदानावर मोठा तंबू ठोकून प्रार्थनासभा झाली होती. तिथे हे पुढे गेले, गुडघ्यांवर बसले आणि ढसाढसा रडले. मी त्याच तंबूत होते, मी पाहिलंय. ते रडणं खरं होतं, हे मी कुणापुढेही सांगेन. त्या रडण्यावर भाळूनच मी ह्यांच्याशी लग्न केलं. पुढे हे काही कधी रडले नाहीत, ते खातं माझ्याकडे आलं.

त्या दिवशी ह्यांच्या गळ्यात लाल टाय होता. दरवर्षी त्या तारखेच्या जवळच्या रविवारी तोच टाय बांधून हे चर्चमध्ये साक्ष देतात, म्हणजे आपलं तारण कसं झालं, देवाने आपल्याला पापातून कसं सोडवलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगतात. साक्ष लोकांना इतकी पाठ आहे, की हे श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य बाकावरचे म्हणतील. आणि तो टाय ह्यांनी कधी पाण्यात घातला नाही. आमची लाँड्री आहे. लोकांचे कोट, पडदे, हॉटेलांच्या चादरी, सगळं आम्ही धुतो; पण टायला फक्त ब्रश. पाणी लावलं तर त्या दिवसाची आठवण जाईल म्हणे.

दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर ह्यांच्या हातचं मोठं अक्षर दिसतं: पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. धंद्याचा हा पहिला नियम, आणि ह्यांच्या मते देवाचाही. रस्त्याने माणसं जाताना हे काउंटरवर कोपरं टेकून उभे असतात आणि कोण ह्या टोपलीतला, कोण त्या टोपलीतला ते मनातल्या मनात ठरवत असतात. मनातल्या मनात म्हणायचं, कधीकधी ऐकूही येतं. मी एकदा विचारलं होतं, मी कुठल्या टोपलीत? तर म्हणाले, तू माझ्याबरोबर आहेस ना. जणू मी ह्यांच्या कोटाच्या खिशात राहिलेला रुमाल.

आता गोष्ट. चर्चमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे नव्याने विश्वास ठेवणाऱ्याला हौदाच्या पाण्यात बुडवून वर काढायचा विधी, असला की त्यासाठीचे पांढरे झगे आमच्याकडे येतात. एरवी ते तिथल्या ट्रंकेत पडून असतात, त्यांना कुबट वास येतो. आम्ही ते धुऊन, इस्त्री करून देतो, फुकट. ह्यावर्षी बाप्तिस्म्याचा रविवार आणि ह्यांच्या साक्षीचा रविवार एकच आला. ह्यांना तो दैवी संकेत वाटला, मला कॅलेंडरचा.

बुधवारी दुपारी जेवून मी खाली आले तर मशीन थांबलं होतं आणि त्याच्यासमोर मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे आमच्या इस्त्रीवाल्या. त्या आमच्याकडे इतकी वर्षं आहेत, की दुकान आमचं असलं तरी शिस्त त्यांची. त्यांनी इस्त्री केलेली कॉलर माणसाची मान वाकू देत नाही. त्यांच्या हातात एक झगा होता आणि तो गुलाबी होता. बाकीचेही गुलाबी होते. कुठेतरी डाग पडलाय असं नव्हे. सगळे सारखे, छान, वाढदिवसाला घालावेत असे गुलाबी.

हे मागून आले. झग्यांकडे पाहिलं, जरा खाकरले, आणि म्हणाले, "मावशी, खुणेचा दोरा नवीन होता ना?"

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आम्ही कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालतो. चर्चची खूण म्हणजे लाल फुली. जुन्या फुल्या विरल्या होत्या म्हणून मावशींनी ह्या खेपेला नव्या रिळाने पुन्हा घातल्या होत्या. मावशी म्हणाल्या, हो, नवीन होता. हे "अच्छा" म्हणाले आणि काउंटरवर गेले. बस्स, एवढंच. ह्यांनी मावशींवर काही आरोप केला नाही. फक्त एक प्रश्न विचारला आणि उत्तर त्यांचं त्यांना देऊ दिलं. खोटं बोलण्याचा इतका स्वच्छ प्रकार मी पाहिलेला नाही, पण तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ह्यात खरं दुखणं हे, की त्या रविवारी बाप्तिस्मा घेणाऱ्यांमध्ये मावशीही होत्या. कितीतरी वर्षं आमच्याकडून झगे नेऊन द्यायला चर्चमध्ये जायच्या, मग कधीतरी थांबून शेवटच्या बाकावर बसायला लागल्या, मग रोज संध्याकाळी पाळकांकडे शिकायला. कोणी त्यांना ओढलं नव्हतं. त्या झग्यांमधला एक त्यांनी आपल्यासाठी निवडून ठेवला होता, पायात येऊ नये म्हणून त्याला खाली दुमड घातली होती. ते सगळं त्या कोणाला न सांगता, इस्त्री करता करता करत होत्या.

बुधवारी संध्याकाळी त्या पाळकांकडे गेल्या आणि सांगून आल्या, की देवाचे कपडे माझ्या हातून नासले, मी ह्या वर्षी पाण्यात उतरत नाही. पाळकांनी पुष्कळ समजावलं. मावशी ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं तेही इस्त्रीवरून मान वर न करता. म्हणाल्या, ज्या बाईला पांढरं पांढरं ठेवता आलं नाही तिनं कशाला पुढे पुढे करायचं, ताई. डोळे सुजलेले होते.

हे शेजारीच होते. म्हणाले, घाई नकोच, असल्या गोष्टीला मनाची तयारी लागते. आणि चहा प्यायले.

पण मीही लाँड्रीवालीच आहे. कॉलरमधल्या चिमूटभर फुल्यांनी मशीनभर झगे रंगतील हे काही मनाला पटेना. मी त्या रिळाचा हातभर दोरा तोडला, कपात टाकला, वर उकळतं पाणी ओतलं आणि झाकून ठेवलं. भांडी घासून झाल्यावर पाहिलं तर पाणी जसंच्या तसं, पिता आलं असतं. मग मी शोधायला लागले. ड्रायरच्या मागे गरम हवेचा पाइप आहे, तिथे सहसा कोणी हात घालत नाही. तिथे टाय वाळत होता. आखडून वीतभर झालेला, पडवळासारखा पिळवटलेला, आणि लाल म्हणावा की गुलाबी हे त्याचं त्यालाही कळत नसेल असा.

वर स्वयंपाकघरात मी तो ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांचा घास हातातच राहिला. मग सगळं बाहेर आलं. बुधवारी मावशी मशीन भरून जेवायला गेल्या होत्या. हे टाय बांधून आरशासमोर साक्षीची तालीम करत होते, एका हातात चहाचा कप. 'मग मी पुढे पाऊल टाकलं' ह्या वाक्याला हे खरंच पुढे पाऊल टाकतात. चहा टायवर. डाग बसायच्या आत काढावा म्हणून घाईत टाय त्याच मशीनमध्ये टाकला आणि बटण दाबलं. इतकी वर्षं बांधतोय, रंग जायचा असता तर कधीच गेला असता, असं वाटलं म्हणे; मशीन थांबल्यावर मावशी यायच्या आत टाय तेवढा काढून पाइपवर दडवला.

मी म्हटलं, न धुता कसा जाईल?

ह्यावर ह्यांनी धर्मशास्त्र काढलं. ताटावर बसून. आपली सगळी पापं त्या तंबूतच धुतली गेली. मागची, आजची आणि अजून व्हायची आहेत ती. हिशेब मिटला. मग एका टायसाठी मन कशाला खायचं? मी म्हटलं, "देवाने तुम्हाला माफ केलं असेल. मावशींनी नाही केलेलं. त्यांना ठाऊकच नाही."

मग ह्यांनी दुसरी बाजू लावून धरली. आपण मंडळीत एवढे पुढे, नवीन लोक आपल्याकडे बघतात, हे कळलं तर त्यांच्या विश्वासाला ठेच लागेल. मी म्हटलं, ठेच लागलेलीच आहे, अंगठा तेवढा मावशींचा आहे. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच विचारलं, तू सांगणार आहेस का?

मी म्हटलं नाही. टाय तुमचा, तोंडही तुमचं. पण मनाशी ठरवलं होतं, शनिवारी दुकान बंद होईपर्यंत वाट पाहायची आणि तोवर हे बोलले नाहीत तर मीच मावशींपुढे जाऊन उभी राहायची. मला राग नुसता खोटेपणाचा नव्हता. तंबूत रडलेला तो पोरगा मला हवा होता आणि त्याचा पत्ता लागत नव्हता, ह्याचा होता.

आमच्या काउंटरवर एक खुंटी आहे. ज्या कपड्याचा धनी सापडत नाही तो तिथे टांगून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडतो. शनिवारी सकाळी दुकान उघडलं तसा मी टाय त्या खुंटीला अडकवला, आणि वर चिठ्ठी: मालक आले नाहीत. ह्यांनी पाहिलं, पण काढून घ्यायचा तर तो आपला आहे हे मान्य करावं लागणार. त्यामुळे काउंटरच्या अलीकडे हे आणि वर टाय, असे दोघेही टांगलेले राहिले.

सगळ्यात आधी कोट न्यायला शाळामास्तर आले. टाय बघून हसले, कोणाचं हो हे ध्यान? हे म्हणाले, असेल कोणाचा तरी. मी हँगर पुसत राहिले.

मग चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाई आल्या, चादरी घेऊन. त्यांची नजर घारीची. टाय न्याहाळून म्हणाल्या, नक्कीकाका, तुमचा टाय असाच होता ना? माझा? छे, हे म्हणाले, माझा चांगला लांब आहे. ह्यात खोटं काय ते शोधायला वकील लागला असता. बाई चादरी मोजून द्यायला थांबल्या.

तेवढ्यात मावशी आतून आल्या. त्यांनी टाय खुंटीवरून काढला, उलटा केला, शिवणीतला रंग बघितला. आत गेल्या, गुलाबी झग्याची बाही घेऊन आल्या आणि दोन्ही शेजारी धरले. मावशींना काय कळलं नि काय नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच समजत नाही. त्यांनी टाय पुन्हा खुंटीला लावला आणि सरळ ह्यांच्याकडे पाहिलं.

"मालक, हा कोणाचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला नाही ठाऊक," हे म्हणाले.

आणि ड्रायरची घंटी वाजली.

ज्यांना गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. येशूचा सगळ्यात खात्रीचा शिष्य म्हणजे पेत्र. मी तुला कधीच सोडणार नाही म्हणाला होता, नक्की म्हणाला होता. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने त्याला तेव्हाच सांगितलं होतं. येशूला धरून नेलं त्या रात्री लोकांनी विचारलं, तू त्याच्यातला ना? तीनदा विचारलं आणि तीनदा तो नाही म्हणाला, आणि लगेच कोंबडा आरवला. रविवारी मुलांच्या वर्गाला ही गोष्ट वर्षानुवर्षं आमचे हेच शिकवतात. कोंबडासुद्धा स्वतः आरवून दाखवतात आणि फार चांगला आरवतात, मुलं पुन्हा पुन्हा मागतात. आमच्या दुकानात कोंबडा नाही. पण ड्रायरची घंटी आहे, आणि दार उघडेपर्यंत ती थांबत नाही.

ह्यांचा चेहरा उतरत गेला. ओठ हलत होते; मला वाटतं, हे मोजत होते. मास्तर, बाई, मावशी. घंटी वाजतच होती. पेटीवाल्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि चादरी मोजायचं सोडून दिलं. मी जागची हलले नाही.

हे फळी उचलून काउंटरच्या बाहेर गेले. मला वाटलं, गेले पळून. पण दुकानाच्या दाराबाहेर पायरीवर थोडा वेळ उभे राहिले, मग वळून आत आले आणि काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, उभे राहिले.

"तो टाय न्यायला आलोय," ह्यांनी सांगितलं.

मी विचारलं, कोणाचा आहे?

"माझा." मग मावशींकडे वळले. "मावशी, झगे मी रंगवले. दोऱ्याचं काही नव्हतं. मला बुधवारीच ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला रडू दिलं."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. तंबूनंतर मी ते पहिल्यांदा पाहत होते. मला आनंद झाला हे सांगायला लाज वाटते, पण झाला.

मावशींनी आधी आत जाऊन ड्रायरचं दार उघडलं. घंटी थांबली. बाहेर येऊन म्हणाल्या, मी पाळकांना सांगून आलेय की चूक माझी. हे म्हणाले, मी सांगतो ना, उद्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभा राहून सांगतो.

"उद्या नको," मावशी म्हणाल्या. "उद्या तुम्ही त्याची साक्ष कराल, आणि लोक तुमचंच कौतुक करतील. आत्ता जा."

हे गेले. अंगातला एप्रन काढायचंही सुचलं नाही. भर दुपारी, टाय मुठीत धरून, रस्त्याच्या मधून. आले तेव्हा एवढंच म्हणाले, की पाळक रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.

मावशींनी रविवारी पाण्यात उतरायचं कबूल केलं, पण ह्यांना माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, करतेय, ताई, एकदम कुठे होतं. शनिवारी रात्रीपर्यंत आम्ही तिघांनी मिळून झग्यांना ब्लीचचे हात दिले. गुलाबी रंग फिका झाला, गेला नाही. पाळक म्हणाले, असू द्या, देवाला सगळे रंग दिसतात.

रविवारी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? सगळ्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. बाक रिकामा होता, आम्ही शेवटच्यावर होतो. मावशींची पिशवी आणि कोरडे कपडे सांभाळायचे होते. माना मागे फिरल्या. ह्यांच्या गळ्यात टाय नव्हता. हे अर्धवट उठले. म्हणाले, "आज काही नाही," आणि बसले.

"नक्की?" पेटीवाल्या बाईंनी विचारलं. सगळे हसले.

ह्यांनी जरा विचार केला. "तसं नक्की सांगता नाही येत," म्हणाले, आणि तेही हसले.

मावशी गुलाबी झग्यात हौदात उतरल्या. पाळकांनी त्यांना पाण्याखाली नेऊन वर काढलं तेव्हा त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी दोन्ही हातांनी निपटलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर झग्याची ओली कॉलर सरळ केली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

ओले झगे दरवर्षी मावशी दुकानात आणायच्या. ह्या वर्षी हे उठले, टोपली खांद्यावर घेतली आणि निघाले. नव्या पँटवर पाणी ओघळत होतं. रस्त्यात कोणीतरी विचारलं, काय काका, आज धुणं? तर म्हणाले, हो, आजच सुरू केलंय.

मावशी ओल्या केसांनी मागोमाग आल्याच, कारण झग्यांच्या बाबतीत ह्यांच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ह्यांनी टोपली उतरवली, खिशातून टाय काढला आणि भिंतीवरच्या आपल्याच अक्षराखाली घुटमळले. दोन टोपल्या समोर होत्या.

"मावशी, हा कुठे टाकू?"

"कुठेच नाही. वेगळा धुवा, हातानं."

हे सिंकपाशी गेले, बाह्या वर केल्या, टाय गार पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं. ओतलं, नवीन घेतलं, पुन्हा लाल. पुन्हा ओतलं, पुन्हा घेतलं.

"अजून सोडतोय," हे म्हणाले.

"सोडेल," मावशी म्हणाल्या, आणि पहिला झगा पिळायला घेतला.